हवामान खात्याचे ‘९७ टक्के’

दरवर्षी जून उजाडला की दोन गोष्टी ठरलेल्या. एक म्हणजे हवामान खात्यावरचे विनोद: खात्याने पाऊस सांगितलाय, गाद्या उन्हात टाका वगैरे. दुसरी म्हणजे कुणीतरी टीव्हीवर येऊन एक टक्का फेकतो, आमचे अंदाज इतके इतके टक्के अचूक आहेत. विनोदांचं मी मनावर घेत नाही, मलाही हसू येतं. टक्क्याचं मात्र घेतो. कारण नुसता टक्का सांगणारा माणूस खोटं न बोलताही आपल्याला पुरतं फसवू शकतो, आणि हे १८८४ सालीच सिद्ध झालेलं आहे.

पोस्ट मोठी आहे. आकडे आहेत, पण शाळेतल्या भागाकाराच्या पुढे कुठे जाणार नाही.

तर, जॉन पार्क फिन्ले. अमेरिकी लष्कराच्या सिग्नल सर्व्हिसमधला तरुण. त्या काळात अमेरिकेत हवामानाचं काम लष्कराकडे होतं, कारण तारायंत्रांचं जाळं त्यांच्या हातात होतं. फिन्लेला टोर्नेडोचं वेड होतं. टोर्नेडो म्हणजे आपल्याकडचं समुद्रावरून येणारं चक्रीवादळ नव्हे. हा ढगातून जमिनीपर्यंत उतरणारा भोवरा. रुंदी थोडी, आयुष्य बहुधा मिनिटांचं, पण वाटेत आलेलं घर पायासकट उचलतो. फिन्लेने जुन्या सहाशे टोर्नेडोंची माहिती गोळा केली, ते कोणत्या हवेत येतात याचे आडाखे बांधले आणि १८८४ च्या वसंतात प्रयोग सुरू केला. देशाच्या मध्य आणि पूर्व भागाचे विभाग पाडायचे आणि प्रत्येक विभागासाठी आधीच सांगायचं, टोर्नेडोला हवा अनुकूल आहे की नाही.

निकाल त्याने छापून टाकला. एकूण २८०३ अंदाज, त्यातले २७०८ बरोबर. म्हणजे ९६.६ टक्के. कुणालाही वाटावं, वा! आजच्या भाषेत सांगायचं तर हेडलाइन तयार.

दोनच महिन्यांत ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने त्या कागदाची चिरफाड केली. युक्तिवाद इतका साधा आहे की वाचून चिडायला होतं. टोर्नेडो ही दुर्मीळ गोष्ट. त्या २८०३ वेळांपैकी प्रत्यक्षात टोर्नेडो आला ५१ वेळा. मग एखाद्याने आकाशाकडे न बघता, खुर्चीतून न उठता, रोज ‘आज टोर्नेडो नाही’ एवढंच लिहून पाठवलं असतं तर? तो २७५२ वेळा बरोबर ठरला असता. ९८.२ टक्के! म्हणजे काहीच न करणारा माणूस फिन्लेपेक्षा दीड टक्क्याने हुशार.

बहुतेक लोक हा किस्सा इथेच थांबवतात, फिन्लेची फजिती झाली म्हणून हसतात आणि पुढे जातात. मला तो अर्धवट वाटतो. फिन्ले भंपक नव्हता. त्याच्या कामात खरंच काहीतरी होतं, फक्त त्याने स्वतःच चुकीचा आकडा पुढे केला.

त्याचे २८०३ अंदाज चार ढिगांत विभागून बघा. शंभर वेळा तो ‘होईल’ म्हणाला. त्यातल्या २८ वेळा टोर्नेडो आला, ७२ वेळा नाही आला. २७०३ वेळा तो ‘नाही’ म्हणाला. त्यातल्या २६८० वेळा खरंच नाही आला, पण २३ वेळा आला.

आता असं समजा की फिन्लेला टोर्नेडोतलं ओ की ठो कळत नाही. तो टोपीत चिठ्ठ्या टाकतो आणि शंभर वेळा ‘होईल’ची चिठ्ठी निघते. अशा वेळी त्याचं म्हणणं आणि टोर्नेडोचं येणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. गणितवाले याला स्वतंत्र घटना म्हणतात. मग त्या शंभरात टोर्नेडो किती वेळा यावा? एकूण प्रमाण ५१ भागिले २८०३, म्हणजे १.८ टक्के. शंभरात दोनसुद्धा नाही. प्रत्यक्षात आले २८. पंधरापट! उलट तो ‘नाही’ म्हणाला तेव्हा प्रमाण उतरलं २७०३ मध्ये २३ वर, म्हणजे एक टक्क्याच्याही खाली. फिन्लेचा शब्द ऐकला की टोर्नेडोची शक्यता बदलते, हा त्याच्या कामाचा खरा पुरावा. ‘अमुक घडलंय हे माहीत असताना तमुकची शक्यता किती’ याला सशर्त संभाव्यता म्हणतात. नाव जड आहे, पण बाजारात भाजी घेणारा प्रत्येक माणूस ती वापरतो. ‘टोमॅटो चांगला असेल का’ आणि ‘या गाडीवरचा टोमॅटो चांगला असेल का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

बरं, इथेही एक मेख आहे. प्रश्न दोन दिशांनी विचारता येतो आणि उत्तरं वेगळी येतात. इशारा दिल्यावर टोर्नेडो आला, शंभरात २८. टोर्नेडो आला तेव्हा आधी इशारा होता, ५१ मध्ये २८, म्हणजे ५५ टक्के. पहिला आकडा इशारा ऐकणाऱ्याच्या कामाचा: तळघरात उतरू की नको? दुसरा सरकारच्या कामाचा: आपण किती लोकांना बेसावध ठेवलं? ९६.६ हा आकडा दोघांच्याही कामाचा नाही. त्यात २६८० निवांत दिवसांची भर आहे, सगळा फुगवटा तिथला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात चार्ल्स पर्स या तत्त्वज्ञाने ‘सायन्स’मध्ये लहानसं टिपण लिहिलं आणि अंदाजाची किंमत कशी मोजावी याचं सूत्रच मांडलं. त्याचा एक मुद्दा मला फार शहाणपणाचा वाटतो. अंदाज बरोबर आल्याने होणारा फायदा आणि चुकीचा इशारा दिल्याने होणारा खर्च यांचा हिशेब वेगवेगळा धरा, असं तो म्हणतो. फुकट गेलेल्या ७२ इशाऱ्यांची किंमत काय? लोक तासभर तळघरात बसले. हुकलेल्या २३ वेळांची किंमत? ती दर वेळी वेगळी, पण कधीकधी अख्खं गाव.

सरकारने हिशेब नेमका उलटा केला. इशाऱ्याने लोक घाबरतील आणि त्या घबराटीचं नुकसान टोर्नेडोपेक्षा जास्त होईल, असं ठरवून अंदाजातून टोर्नेडो हा शब्दच काढून टाकला. फिन्लेचं काम दशक संपायच्या आत गुंडाळलं गेलं आणि हा शब्द १९३८ पर्यंत अधिकृत अंदाजांत निषिद्ध राहिला. दरम्यान १८ मार्च १९२५ ला मिसूरी, इलिनॉय आणि इंडियाना या तीन राज्यांतून एक टोर्नेडो गेला. ६९५ माणसं मेली. बंदी नसती तर ती वाचली असती असा माझा दावा नाही, तेव्हाची साधनं तुटपुंजीच होती. पण ज्या विषयाचा उच्चारच करायचा नाही, त्यावर चाळीस वर्षं कोण डोकं लावणार?

हे मौन सुटलं ते ओक्लाहोमात, टिंकर या हवाई दलाच्या तळावर. २० मार्च १९४८ च्या रात्री तळावर टोर्नेडो आला आणि जवळपास एक कोटी डॉलरचं नुकसान करून गेला. चौकशी झाली, आणि हे आधी सांगणं शक्य नव्हतं असा निष्कर्ष निघाला. तरी तळाच्या जनरलने आपल्या दोन हवामान अधिकाऱ्यांना, फॉबुश आणि मिलर यांना, कामाला लावलं. दोघांनी जुने नकाशे उपसले. २५ तारखेच्या सकाळी त्यांच्या लक्षात आलं की आजचा नकाशा २० तारखेसारखाच दिसतोय. जनरलने विचारलं, मग टोर्नेडोचा अंदाज देणार का?

त्या दोघांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. एका ठरावीक तळावर एका ठरावीक दिवशी टोर्नेडो येण्याची शक्यता आधीच नगण्य. पाच दिवसांत त्याच जागी दोनदा? दोन्ही घटना स्वतंत्र धरल्या तर नगण्य गुणिले नगण्य. गुणाकार करणारा माणूस ‘काही होत नाही, घरी जा’ म्हणेल. पण त्या स्वतंत्र नव्हत्याच. हंगाम तोच, हवेची घडण तीच. आणि प्रश्न ‘कुठल्याही दिवशी’चा नव्हता, ‘असा नकाशा समोर असताना’चा होता. दोघांनी नाइलाजाने का होईना, अंदाज दिला. विमानं सुरक्षित जागी हलवली, माणसं धोक्याच्या इमारतींतून काढली. संध्याकाळी सहाच्या सुमाराला टोर्नेडो तळावरूनच गेला. नुकसान झालंच, साठ लाख डॉलरच्या घरात, पण कुणी दगावलं नाही.

स्वतंत्र नसलेल्या गोष्टी स्वतंत्र धरून गुणाकार करायचा, ही चूक आपल्याकडे शेतकऱ्याला सगळ्यात महाग पडते. कशी ते सांगतो, फक्त उदाहरण बाहेरचं घेतो कारण त्याची मोजणी स्वच्छ आहे. १९६२ साली गेब्रियल आणि नॉयमन या दोघांनी तेल अवीवच्या २७ हिवाळ्यांतले (त्यांचा पावसाळा हिवाळ्यात असतो) २४३७ दिवस मोजले. ओल्या दिवसानंतर पुन्हा ओला दिवस येण्याचं प्रमाण ६६ टक्के. कोरड्या दिवसानंतर ओला येण्याचं फक्त २५. एकूण ओले दिवस सुमारे ४३ टक्के.

आता सलग पाच दिवस कोरडे जाण्याची शक्यता काढा. प्रत्येक दिवस स्वतंत्र धरला तर ५७ टक्क्यांना पाच वेळा गुणायचं, उत्तर येतं सहा टक्के. खरी पद्धत अशी: पहिला दिवस कोरडा असण्याचे ५७ टक्के, आणि पुढच्या प्रत्येक दिवशी ‘काल कोरडा होता तर आजही कोरडा’ याचे ७५. उत्तर येतं १८ टक्के. तिप्पट! पाऊस पडला की पडत राहतो आणि थांबला की थांबून राहतो, हे आपल्या आजोबांना गणिताशिवाय कळत होतं. पेरणीनंतरचा खंड आपल्याला नेहमी अनपेक्षित वाटतो, कारण मनातल्या मनात आपण रोजचा पाऊस वेगळा धरून बसतो. दुबार पेरणीचा खर्च या सहा आणि अठराच्या मधल्या फरकातून येतो. आपल्या मोसमी पावसाचे आकडे अर्थात निराळे, पण ओल्याला ओला आणि कोरड्याला कोरडा चिकटतो हा स्वभाव तोच.

आता पुण्यात येऊ. पुण्यात ‘सिमला ऑफिस’ का म्हणतात असा प्रश्न तिथून रोज जाणाऱ्यांनाही पडत असेल. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं, ते नाव घेऊनच आलं. नंतर मुख्यालय दिल्लीला गेलं, पण देशाच्या मान्सूनचा दीर्घकालीन अंदाज आजही पुण्यातच बनतो.

या कामाची सुरुवात दुष्काळातून झाली. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळानंतर सरकारने ब्लॅनफोर्डला विचारलं, पाऊस आधी सांगता येईल का? त्याने हिमालयातल्या बर्फावरून आडाखा बांधला आणि १८८६ साली पहिला रीतसर अंदाज दिला. पुढे १८९९ ला पाऊस चांगला सांगितला गेला आणि आला तो ‘छप्पनिया’चा दुष्काळ. त्यानंतर काही वर्षं अंदाज सरकारी फायलींच्या बाहेर आलाच नाही. अमेरिकेत शब्दाला बंदी, इथे कागदाला कुलूप. सरकारं कुठलीही असोत, फजिती झाली की आधी तोंड बंद करतात.

मग १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर आला. (वरचा गिल्बर्ट वेगळा, हा केंब्रिजचा गणिती. बूमरँग फेकण्याच्या नादामुळे मित्रांत ‘बूमरँग वॉकर’.) त्याने जगभरचे वायुदाब, तापमान, पाऊस यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघितले आणि त्यातून प्रशांत महासागरावरचा तो प्रसिद्ध झोका शोधला, जो पुढे एल निनोशी जोडला गेला. पण त्याचं मला जास्त मोल वाटतं ते १९१४ च्या एका सावधगिरीच्या निबंधासाठी. त्यातला विचार असा. तुम्ही मान्सूनशी जुळणारी खूण शोधताय. एखादी निरुपयोगी खूण निव्वळ योगायोगाने चाचणीत पास होण्याची शक्यता वीसात एक धरा. तुम्ही वीस निरुपयोगी खुणा तपासल्या तर त्यातली निदान एक पास होण्याची शक्यता किती? वीसच्या वीस नापास होण्याची शक्यता ३६ टक्के, म्हणजे निदान एक पास होण्याची ६४. भरपूर शोधा, काहीतरी सापडतंच! तेव्हा सापडलेल्या खुणेला किती शोधाअंती ती सापडली तेही विचारा.

१९८८ साली आपल्या खात्याने सोळा घटकांचं मॉडेल वापरायला घेतलं. त्यामागे मराठी माणूस होता, वसंत गोवारीकर. कामाचं कौतुक आहेच, त्या काळात हातात असलेल्या साधनांत केलेलं मोठं काम होतं. मॉडेल वर्षानुवर्षं ‘यशस्वी’ ठरलं. पण गंमत बघा. १९८९ ते २००१, सलग तेरा वर्षं देशाचा पाऊस सरासरीच्या दहा टक्के इकडेतिकडे, म्हणजे ‘सामान्य’च राहिला. या तेरा वर्षांत रोज चहा पीत बसलेल्या माणसाने दर एप्रिलला ‘सामान्य’ एवढा एक शब्द तार केला असता तर? तेरापैकी तेरा. गिल्बर्टने १८८४ मध्ये विचारलेला प्रश्न इथे कुणी मोठ्याने विचारला नाही. २००२ ला अंदाज होता १०१ टक्के. जुलैत देशभर जवळपास निम्माच पाऊस झाला आणि हंगाम संपला ८१ टक्क्यांवर. सोळा घटक म्हणजे सोळा साक्षीदार असं आपण समजत होतो. त्यातले बरेच एकाच महासागराचे आणि एकाच हवेचे भाऊबंद, म्हणजे एकमेकांचं ऐकून साक्ष देणारे. २००३ मध्ये मॉडेल बदलावं लागलं.

त्यानंतर खात्यात सुधारणा झाली हे मोकळेपणाने सांगितलं पाहिजे. आकड्याबरोबर शक्यता द्यायला सुरुवात झाली. जून २०१५ मध्ये खात्याने सांगितलं, पाऊस सरासरीच्या ८८ टक्के, आणि अपुऱ्या मान्सूनची शक्यता ६६ टक्के. एरवी कुठल्याही वर्षी ती शक्यता १६ टक्क्यांच्या आसपास असते. १६ वरून ६६! फिन्लेच्या १.८ वरून २८ सारखीच ही उडी. हंगाम ८६ टक्क्यांवर संपला. आपल्या बातम्यांनी मात्र ८८ उचलला आणि ६६ टाकून दिला. खात्याने काय कळवलं होतं याचा अर्धा भाग त्या ६६ मध्ये होता.

बातम्यांचा दुसरा आवडता घोळ एल निनोचा. ‘दुष्काळ पडला त्यातल्या बहुतेक वर्षी एल निनो होता’ हे खरं. त्यावरून ‘एल निनो आला म्हणजे दुष्काळ’ असा मथळा दर एप्रिलला पडतो, आणि तो चूक. दिशा उलटली. १९९७ चा एल निनो शतकातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी, आणि त्या वर्षी देशाचा पाऊस १०२ टक्के झाला. या मथळ्यांवर डाळीचे भाव हलतात, पीककर्जाची चर्चा होते, म्हणून राग येतो.

२०१७ च्या जुलैत माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. अंदाजावर विसंबून पेरलं, पाऊस आला नाही, बियाणं गेलं. तेव्हा सोशल मीडियावर त्यांची टिंगल झाली, ‘आता ढगांना अटक करा’ छापाची. मला त्यात टिंगल करण्यासारखं काही दिसलं नाही. देशाचा पाऊस ९५ टक्के झाला तरी त्यांच्या शिवारात काय पडलं हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो विचारायची दुसरी कुठली खिडकी त्यांच्यासमोर उघडी होती? त्यांना हवे असलेले आकडे दोनच आहेत. आमच्या तालुक्यात ‘पाऊस येईल’ असं सांगितलं गेलं, त्यातल्या किती वेळा आला? आणि चांगला पाऊस आला, त्यातल्या किती वेळा आधी सांगितलं होतं? खातं पडताळणी करतं, अहवालही निघतात. पण हे दोन आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लिहिलेले मी अजून कुठे पाहिलेले नाहीत.

पहिला आकडा ४० टक्के निघाला तरी चालेल. सोयाबीनच्या पिशवीचा भाव आणि हातातली ओल बघून ४० टक्क्यांवर पेरायचं की थांबायचं हे शेतकरी ठरवेल, त्याला ते कुणी शिकवायला नको. त्याला फक्त ‘९७ टक्के अचूक’ नको आहे.

गेल्या पाच वर्षांतल्या जून-जुलैचे तालुकानिहाय अंदाज आणि प्रत्यक्ष पाऊस, फिन्लेसारख्या चार रकान्यांत द्या, असा माहिती अधिकाराचा अर्ज मी तयार केलाय. आपापल्या तालुक्यासाठी टाकायचा असेल तर सांगा, मजकूर पाठवतो. दहा रुपये फी आहे.